शिवेबाहेर बांधलेली गाडी

पुण्यात ज्या कारखान्यात मी शिलाईला आहे, तिथं मोटारसायकलीच्या बॅगांचं काम जास्त. जाड कॅनव्हास, दुहेरी दोरा, खाली रेक्झिनचा तळ. उन्हाळा लागला की गाडीवर लडाखला जाणारी मंडळी येतात, मापं देतात, आणि महिन्या-दीड महिन्याने नाकाची सालं निघालेली अशी हसत परत येऊन फाटक्या बॅगा दुरुस्तीला टाकून जातात. त्या बॅगांच्या शिवणीत तिकडची माती अडकून यायची. राखेसारखी करडी, बारीक. आमच्या बीदरकडची माती लाल, कपड्याला एकदा लागली की धुतल्यावरही डाग धरून बसणारी. ही फुंकर मारली की उडायची. मी कितीतरी वर्षं त्या मातीला फुंकर मारत होतो.

आठवीतून माझी शाळा सुटली ती सुटलीच. शेठनी मला मशीनवर बसवलं, कारखान्याच्या माळ्यावर राहायला जागा दिली, माझं बोलणं ऐकून, आमच्याकडं बायकाही 'जातो', 'बसतो' म्हणतात हे ऐकून बाकीची पोरं हसायची तेव्हा त्यांना दम दिला. या माणसापुढं मला अजूनही मोकळं बोलता येत नाही. त्यामुळं एका जुन्या गिऱ्हाइकानं, ते डॉक्टर होते, "आमच्यातला एक जण गळलाय, याला घेऊन जाऊ का?" असं विचारलं, तेव्हा मी आधी शेठकडं बघितलं.

"वाटेत बॅग फाटली तर शिवणारा हाताशी बरा," डॉक्टर म्हणाले. "राहणं-खाणं आमच्याकडं. गाडी तेवढी तुझी आण."

"जा की," शेठ म्हणाले. "मशीन काय पळून जातंय का?"

मी हो म्हणालो. इतक्या घाईनं, की माझ्याकडं गाडी नाही हे हो म्हटल्यावर आठवलं.

घरी एक होती. ती अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची. तिच्यावरून दूध जायचं. कमलनगरच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, आमची वस्ती आहे. तिथल्या घरोघरचं दूध सकाळी गोळा करून अण्णा कमलनगरला नेतो. निम्मं डेअरीला, निम्मं हॉटेलांना. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी जोडलेल्या, त्यात कॅन बसतात. ती गाडी एक दिवस बंद राहिली तर वस्तीवरचं दूध घरोघरी नासणार आणि दुसऱ्या दिवशी लोक दुसरा दूधवाला बघणार.

मी फोन केला. "अण्णा, गाडी पाहिजे हुती."

"किती दिस?"

"महिनाभर. डोंगरात जायचंय. लडाखला."

पलीकडून डेअरीवर कॅन आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ये. घिऊन जा."

"आन् दुधाचं?"

"ते माझ्याकडं. तू ये."

"ते माझ्याकडं" हे त्यानं ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला कळलं, त्याच्याकडं काहीही नव्हतं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मशीनवर बसलो तरी पाय पायडलवर नुसता हलायचा.

मे महिन्यात गावी आलो. सोबत माझ्या हातानं शिवलेल्या दोन बॅगा. त्या शिवताना मी दुधाच्या चौकटीचंच माप धरलं होतं, म्हणजे चौकटी काढायला नकोत, परत आलो की लगेच कॅन बसवता येतील. अण्णानं बॅगा लावून बघितल्या, हलवून बघितल्या. "कॅनपेक्षा बऱ्या बसायल्यात," तो म्हणाला. माय मात्र बॅगांकडं बघत नव्हती. तिला एकच विचारायचं होतं.

"तितं हवा कमी आसतीया म्हणं. हवा कमी म्हंजे? वारं सुटत न्हाई का?"

"वारं सुटतंय माय. पर श्वासाला पुरत न्हाई."

"मंग कामून जायलास?"

मी बॅगेचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. 

कमलनगरच्या मेकॅनिकनं इंजिन उघडलं, साफ केलं, परत बांधलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याचं दुकान भट्टीसारखं तापलेलं. मी त्याला बर्फाचं सांगितलं, उंचीवर गाड्या दम टाकतात ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाला, "गाडी का कुछ नै होता. तू अपना दिल देख. हौला-पागल हो गया क्या, इत्ती गरमी में स्वेटर की बातां कररा."

खरी भीती मला चढाची होती. आमच्याकडं जमीन ताटासारखी. अण्णाची गाडी मी पोरवयापासून चालवतो, पण चढावर थांबून, भरल्या वजनानं परत उचलायची, हे कधी केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते की तिकडं वळणावर समोरून लष्कराचा ट्रक आला की असंच थांबावं लागतं, आणि मागं दरी असते. मग अण्णानं उपाय काढला. आमच्या भागात लाल दगडाच्या खाणी आहेत, त्यातल्या एकीत ट्रॅक्टर उतरायला उताराचा रस्ता केलेला. त्यानं दोन्ही कॅन पाण्यानं भरले, चौकटीत बसवले आणि म्हणाला, "हे तुझं वझं. चड."

पहिल्यांदा मी अर्ध्यावर थांबलो, क्लच सोडला, पाणी कॅनमध्ये मागं हिंदकळलं आणि गाडी माझ्यासकट आडवी झाली. दगड काढणारे हातातलं काम टाकून कडेला उभे राहिले. त्यातला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "डोंगर वर ऱ्हातोय न्हवं? ह्यो तर खड्डा हाय. आदी खाली जायलास, मंग वर येयलास. उलटं शिकायलास की बाबा."

अण्णा हसून हसून दगडावर बसला. पण संध्याकाळपर्यंत त्यानं मला सोडलं नाही. कॅन सांडला की परत भरायचा. शेवटी शेवटी गाडी उचलायला लागली. 

निघायचं ठरलं गुरुवारी, कारण शनिवारी पुण्याहून गाड्या रेल्वेत चढवायच्या होत्या. मायनं शेजारच्या कॅलेंडरात बघून घेतलं. गुरुवारी अमावस्या.

"आवसंला कुणी निघतंय का?"

"माय, रेल्वेला आवस कळत न्हाई."

"रेल्वेला नसंल. मला कळती. सोमवार चांगला हाय. सोमवारी पस्तान ठिवू."

प्रस्थान म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. चांगल्या दिवशी आपलं एखादं कापड, चार दाणे, सुपारी बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची, की आपण निघालो असं धरतात, मग प्रत्यक्षात कधीही जा. पण आमच्यात हे थोडं निराळं. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरणारे. त्यांच्यात कापड ठेवायची रीत नव्हती. कळपातला म्होरक्या, ज्याच्यामागं बाकीची मेंढरं चालतात तो बोकड, चांगला दिवस बघून शिवेबाहेर एखाद्या सोयऱ्याच्या दारात नेऊन बांधायचे. एकदा बांधला की तो कळप फिरून येईपर्यंत शिवेच्या आत आणायचा नाही. मेंढरं जाऊन जमाना झाला. रीत तेवढी मायच्या डोक्यात राहिली होती.

"मंग बांधायचं काय? बोकड कुठाय?" मी विचारलं.

मायनं अंगणातल्या गाडीकडं बोट केलं. "वाट कोण काडणार हाय? तीच की."

मी अण्णाकडं बघितलं. तो म्हणाला, "तीन दिसाचा तर परश्न हाय. चलवून घिऊ."

सोमवारी गाडीला हळदकुंकू लागलं, आणि मी ती अक्काच्या दारात नेऊन लावली. अक्का माझी थोरली बहीण, तिचं घर आमच्या शिवेपलीकडं, अगदी डांबरी रस्त्याला लागून. मायनं सांगितलं, "तूबी तितंच ऱ्हा. निघाल्याला माणूस घरात कशाला झोपंल?" अण्णानं तीन दिवस सायकलवर कॅन बांधून अक्काच्या दारापर्यंत आणायचे, तिथून गाडीवर पुढं न्यायचे, असं ठरलं. गाडी तेवढी मागं शिवेच्या आत जाणार नाही.

बुधवारी दुपारी अक्काच्या दारात फोन वाजला. वस्तीवर रेंज नसायची, रस्त्यावर असायची. डॉक्टर होते. "अरे, लडाखच्या वाटेवरची खिंड अजून उघडली नाही. बर्फ काढणं चालू आहे. आठवडाभर थांबावं लागेल, कदाचित जास्त. मी कळवतो."

मी फोन ठेवला आणि गाडीकडं बघितलं. ती निघालेली होती. आता तिला पुढं जाता येत नव्हतं आणि मागं नेता येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. सकाळ झाली की लांबून अण्णा दिसायचा. मातीची वाट, सायकल ढकलत येणारा, कारण दोन भरले कॅन बांधल्यावर त्या वाटेवर सायकल चालवता येत नसे. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मग कॅन गाडीवर चढवायचे, कमलनगरला जाऊन यायचं, गाडी परत अक्काच्या दारात लावायची, आणि रिकामे कॅन सायकलीला बांधून पुन्हा घर. माझी सकाळ त्याला बघण्यात जायची आणि बाकीचा दिवस गाडीला हात लावण्यात. चेन घट्ट केली, सैल केली. बॅगा भरल्या, उपसल्या. हवा कमी वाटली म्हणून मारली, जास्त वाटली म्हणून सोडली. मागच्या चाकाचा एक नट तर इतका पिळला की त्याचे आटेच गेले.

"आरं, किती कुरवाळायलास तिला," अक्का भाकरी थापता थापता ओरडायची. "म्हशीलाबी यवढं कुणी धूत न्हाई. दूध देणार हाय का ती?"

"अक्का, तू गप."

"मी गप बसतो. तू बस आदी येका जागी. उंबऱ्यात आत-भाईर करून माझा उंबरा झिजवायलास."

एके दिवशी अण्णासोबत मायही आली. वस्तीवर कुणाची तरी म्हैस व्याली होती, दूध वाढलं होतं, सायकलीवर मावेना. जास्तीचा लहान कॅन मायच्या डोक्यावर होता. पदराची चुंबळ, त्यावर कॅन, आणि मे महिन्याचं ऊन. ती येऊन ओट्याला टेकली, धापा टाकत पाणी प्याली. तिला खरोखरच हवा पुरत नव्हती.

माझ्यानं राहवलं नाही. "बास झालं. अण्णा, गाडी घरी घिऊन जा. मी जात न्हाई. फोन करून सांगतो डॉक्टरला."

अण्णा कॅन बांधत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"ऐकायलास का? न्हाई जायचं मला."

"भ्यालास व्हय?" तो म्हणाला.

"भ्यालो. त्येबी हाय. पर ही तुमची दशा मला बघवना."

"मंग तिकडं तोंड कर."

अक्का फिसकन हसली. माय हसली नाही. ती म्हणाली, "हे बघ. गाडी मागं आणली आन् चार दिसानं तू पुन्ना निघालास, तर मी महिनाभर डोळा लावणार न्हाई. तू तितं बर्फात, मी इतं जागी. तुला ह्ये कॅन जड दिसायला. मला त्ये जड हाय. मला ह्येच उचलू दे."

"आन् निघालोच न्हाई तर?"

"का निघणार न्हाईस? तुला कवाबी काई मागितल्यालं मी आइकलं न्हाई. साळा सोड म्हणलो, सोडलास. पुण्याला जा म्हणलो, गेलास. पैल्यांदा कायतरी मागितलास, आन् त्येबी आता नको म्हणायलास."

अण्णानं किक मारली. "माय, तू घरी जा, ऊन व्हायलंय," एवढं म्हणून तो गेला. मी तिथंच उभा राहिलो. मग मायच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या परत भरून आणला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. मनाला कुठंतरी गुंतवावं म्हणून मागचं चाक खोललं. ब्रेकची धूळ काढायची, ग्रीस भरायचं, अण्णा यायच्या आत परत बसवायचं, असा विचार. सगळं नीट झालं, चाक बसवताना मात्र आस घालायला लागलो आणि आटे गेलेला तो नट हातात आला. तो काही केल्या धरेना. अण्णा कॅन घेऊन आला तेव्हा गाडी विटांवर उभी, चाक लोंबकळतंय आणि माझे दोन्ही हात काळे.

 ऊन चढायला लागलं होतं. त्यानं कॅनवर ओलं पोतं टाकलं, रस्त्यावर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं डेअरीचा टेम्पो आला, वरच्या गावांचं दूध गोळा करून कमलनगरला जाणारा. अण्णानं दोन्ही हात वर करून तो अडवला.

ड्रायव्हर औरादकडचा, तिथल्या तेलुगू घरातला. त्यानं खिडकीतून मान काढली. "क्या अण्णा, गाडी बिगड्या क्या?"

"बिगडली न्हाई. भाऊ दुरुस्त करायलाय, म्हणून बंद हाय."

ड्रायव्हरनं माझ्याकडं, मग लोंबकळत्या चाकाकडं बघितलं. "हौ, दिखरा," तो म्हणाला. "रोज सुबे इदरच खडे रैते ना तुम? मैं देखताय. मेरे कू आदीच बोलना था. जगा हय पीछे."

कॅन टेम्पोत चढले. अण्णाही चढला. परत आला तो चालत, एका हातात नवा नट घेऊन. ओट्यावर बसून त्यानं अक्काकडं चहा मागितला आणि मग मला सांगितलं, "उद्यापासून टेम्पो इतं थांबंल. डेअरीवाल्याला बोललो. महिनाभर सगळं दूध तिकडंच."

"आन् हाटेलवाले?"

"त्यांला म्हणलो, महिनाभर पिशवीचं दूध वापरा. मंग कळंल माझी किंमत."

"दुसरा दूधवाला धरले म्हंजे?"

"धरतील येकदोघं." त्यानं बशीत चहा ओतला. "इतक्या दिसापासून इचार करायलो हुतो, तू गेल्यावर दूध कसं न्यावं. घरात बसून सुचंना. वस्तीवर कोण टेम्पो घालणार? गाडी इतं आडकली, म्हून मी रोज ह्या रस्त्यावर उबारलो. आता वस्तीपून इतवर सायकल हाय, इतून टेम्पो."

"मंजे तुला खरंच काई सुचलं नव्हतं? फोनवर तर म्हणलास, ते माझ्याकडं."

"मंग काय म्हणणार? नको येऊ म्हणू?"

मी नट लावला. या वेळी पान्यावर जोर न देता.

खिंड उघडल्याचा फोन आला तेव्हा मी बॅगा पुन्हा एकदा उपसून बसलो होतो. अक्काच्या अंगणभर माझे स्वेटर, मायनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, दाभण आणि दोऱ्याची रिळं पसरलेली. फोनवर "हो, निघतो" म्हणालो. इतके दिवस जायला मिळत नाही म्हणून तळमळत होतो, आता जायचंच म्हटल्यावर स्वेटरच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसलो.

निघायच्या दिवशी माय पुन्हा चालत आली, या वेळी मोकळ्या हातानं. तिनं मला वस्तीवर येऊ दिलं नाही, घर बघून जातो म्हटलं तरी. गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं, माझ्या कपाळाला लावलं आणि "पोचलास की फोन कर, रातीचं चालवू नको, डॉक्टरला सोडून म्होरं जाऊ नको" असं एका दमात म्हणाली. मी पाया पडायला वाकलो तर जॅकेट इतकं जाड होतं की धड वाकता येईना. अक्का म्हणाली, "फ्रिज दिसायलास."

तेवढ्यात टेम्पो आला. अण्णाला माझ्याकडं बघायला वेळच मिळाला नाही. कॅन उचलायचे, आत ठेवायचे, झाकणं बघायची. तो मागच्या फळीवर चढून कॅन धरून उभा राहिला आणि टेम्पो सुटला. मी किक मारली आणि त्याच्या मागं निघालो.

गाडी ओळखू येईना. कॅनच्या वजनानं ती कायम जमिनीला धरून चालायची, आता बॅगांच्या हलक्या भारानं प्रत्येक खड्ड्यात उडत होती. पुढं टेम्पोच्या धुरळ्यात अण्णा, एका हातानं कॅन, एका हातानं दांडी धरलेला. मला पुढं काढायला जागा होती, पण काढवेना. कमलनगर येईपर्यंत मी तसाच मागं राहिलो. शेवटी डेअरीच्या वळणावर त्यानं दांडीवरचा हात सोडला, मला जा म्हणून खूण केली, आणि तोंडाशी हात नेऊन काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही. टेम्पो आत वळला. मी सरळ उदगीरच्या रस्त्याला लागलो.

सगळ्या वाटेत माझ्या डोक्यात तेच. काय म्हणाला असेल? जपून जा म्हणाला का? गाडीला जप म्हणाला? की शेवटी, नको जाऊ, म्हणाला? उदगीरच्या अलीकडं बाभळीखाली थांबलो आणि फोन लावला.

"अण्णा, काय म्हणत हुतास?"

"कवा?"

"टेम्पोतून. वळणावर."

"आरं, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर हाय म्हणत हुतो. मला सवय, मी तसंच चालवतो. तू मेनवर कर. न्हाईतर पेट्रोल सपल्यालं कळणार न्हाई, डोंगरात उबा ऱ्हाशील."

मी वाकून टाकीखालचा खटका फिरवला.

"केलास का?"

"केलो."

"मंग जा की. फोन कामून धरून बसलास?"